औषधाला दाद न देणारे जंतू आणि आपण

(गणेशोत्सवानिमित्त कोरगाव, ता. पेडणे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकर्त्यांनी "आरोग्यावर काहीतरी बोला" असे सांगितले तेव्हा मधुमेह, रक्तदाब असे नेहमीचे विषय समोर आले. ते महत्त्वाचेच आहेत. पण माझा मधुमेह माझ्यापुरता असतो, तो शेजाऱ्याला जडत नाही. आजच्या विषयाचे तसे नाही. यात एका घरात घेतलेल्या गोळीचा परिणाम दुसऱ्या घरातल्या, कधी आपण पाहिलेल्याही नसलेल्या माणसावर होऊ शकतो. असा विषय चार घरची माणसे एकत्र बसलेली असताना काढलेला बरा, म्हणून आजचा दिवस निवडला.

मी डॉक्टर नाही. औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन सरकारी आरोग्य सेवेत औषधांच्या खिडकीमागे उभा राहणारा माणूस आहे. त्यामुळे कोणत्या आजारावर कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही. खिडकीतून पाकीट तुमच्या हातात पडल्यावर त्याचे पुढे काय होते, एवढेच सांगणार आहे.

अँटिबायोटिक, म्हणजे मराठीत प्रतिजैविक, हा शब्द आता सर्वांना ठाऊक आहे. अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफिक्सिम ही नावे तर मुलांच्याही तोंडी असतात. ही औषधे जिवाणूंना मारतात किंवा त्यांची वाढ थांबवतात. विषाणूंवर त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही. साधी सर्दी, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे आजार. सत्तरीत आणि पलीकडे दोडामार्गात लोकांनी सोसलेला माकडताप, तोही विषाणूचाच. उलट भातलावणीच्या दिवसांत चिखलात काम करणाऱ्यांना होणारा लेप्टो हा जिवाणूचा आजार, आणि तिथे वेळेवर मिळालेले अँटिबायोटिक जीव वाचवते. ताप दोन्हीकडे तसाच दिसतो. कोणता ताप कुठला, हे तपासल्याशिवाय डॉक्टरलाही सांगता येत नाही, मग आपण घरी बसून कसे सांगणार?

या औषधांनी आपल्याला काय दिले, ते जुन्या पिढीला विचारा. कोयत्याची जखम चिघळून, बाळंतपणानंतर ताप येऊन, न्यूमोनियाने घरातली धडधाकट माणसे जात असत. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते माणसांसाठी मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले. स्वतंत्र भारताने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा केला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी त्याला मदत केली. पेनिसिलिन देशात बनू लागले आणि सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

याच फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पुरस्कार स्वीकारताना केलेल्या भाषणात एक इशारा दिला होता. पेनिसिलिन सहज विकत मिळू लागले की लोक ते अपुऱ्या प्रमाणात घेतील आणि जंतू त्यातून तरून जायला शिकतील, असा त्याचा आशय. औषध बाजारात येऊन पुरती चार वर्षेही झाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

आता एक गैरसमज दूर करतो. खिडकीवर पुष्कळदा ऐकू येते, "माझ्या अंगाला या गोळीची सवय झाली, आता दुसरी जड गोळी द्या." सवय अंगाला होत नाही. औषधाला दाद देईनासा होतो तो जंतू. आपण तरुण असू, निरोगी असू, आयुष्यात एकही अँटिबायोटिक घेतले नसेल, तरी दुसऱ्याच्या शरीरात, गोठ्यात किंवा गटारात तयार झालेला असा जंतू आपल्याला होऊ शकतो.

तो तयार कसा होतो? अनुकूल परिस्थितीत ई. कोलायसारखा जिवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. अशा कोट्यवधींमध्ये एखादा जरा वेगळा निघतो. औषध नसते तेव्हा त्याला कुणी विचारत नाही. औषध आले की बाकीचे मरतात आणि मोकळ्या जागेत याचीच संतती वाढते. शेतात आपण तणनाशक मारतो आणि नेमके त्याला न जुमानणारे गवत माजते, तसेच हे.

इथवर झाली ती बापाकडून लेकाकडे जाणारी गोष्ट. खरी काळजीची बाब पुढे आहे. जंतू ही विद्या आपल्या संततीलाच देतात असे नाही, ते ती शेजाऱ्यालाही देतात. तो शेजारी वेगळ्या जातीचा जंतू असला तरी देतात.

आपल्याकडे भजनाच्या वह्या कशा पसरतात ते आठवा. एका वाड्यावरच्या बुवांकडे चांगली वही असते. दुसऱ्या वाड्यावरचा मुलगा एक गौळण उतरवून घ्यायला येतो आणि वही हातात पडली की सगळीच उतरवून घेतो. बुवांची वही बुवांकडेच राहते, पण पुढच्या चवथीला तेच अभंग, त्याच गौळणी दोन वाड्यांवर ऐकू येतात. जिवाणूच्या पेशीत त्याचा मुख्य जनुकसंच असतो, ती समजा घरची पोथी. त्याशिवाय पुष्कळ जिवाणूंत एक लहानशी गोल कडी वेगळी असते. तिला प्लास्मिड म्हणतात. ही कडी म्हणजे वही. दोन जिवाणू एकमेकांना चिकटतात, मधे पूल तयार होतो आणि वहीची नक्कल पलीकडे जाते. देणाऱ्याचे काही कमी होत नाही. जिवाणूंमध्ये अशी जनुकांची देवाणघेवाण होते हे जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टॅटम यांनी १९४६ साली दाखवून दिले.

त्याचा आजाराशी असलेला संबंध जपानमध्ये उघडा पडला. युद्धानंतर तिथे रक्ती आवेची मोठी साथ होती. शिगेला या जंतूमुळे ती होते. १९५० च्या दशकात असे रुग्ण सापडू लागले की त्यांचा जंतू एकाच वेळी सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल या चारही औषधांना दाद देईना. चार औषधांविरुद्ध चार वेगवेगळे बदल एकाच जंतूत एकदम होणे जवळजवळ अशक्य. शोध घेतला तेव्हा कळले की त्याच रुग्णांच्या आतड्यातल्या निरुपद्रवी ई. कोलाय जंतूंमध्येही ती चारही लक्षणे होती. १९५९ साली ओचियाई आणि अकिबा या जपानी शास्त्रज्ञांनी दोन्ही जंतू एकत्र वाढवून दाखवले की ही शक्ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि चारही एकत्रच जातात. वहीतल्या चार गौळणी एकदम उतरवल्या गेल्या होत्या.

यातून दोन गोष्टी निघतात, आणि माझे आजचे सगळे भाषण या दोन गोष्टींवर उभे आहे. पहिली ही, की वही बाळगणारा जंतू आजार करणाराच असतो असे नाही. आपल्या आतड्यात राहणारे कोट्यवधी गरीब जंतूही ती बाळगतात. सर्दीसाठी आपण अँटिबायोटिक घेतो तेव्हा सर्दीच्या विषाणूला काही होत नाही. आतड्यातले साधे जंतू मात्र मरतात आणि वहीवाले उरतात, वाढतात. पुढे कधी खरा रोगजंतू पोटात आला की वही त्याला आयती मिळते. दुसरी गोष्ट अशी, की वहीत अनेक औषधांचे पाठ एकत्र असतात. त्यामुळे कोणतेही एक औषध विनाकारण वापरले, तरी त्या वहीतले सगळेच पाठ जिवंत राहतात.

आता जरा जवळ येऊ. २००८ साली स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत क्लेब्सिएला जातीचा जंतू सापडला. तो रुग्ण त्याआधी दिल्लीत रुग्णालयात होता. हा जंतू कार्बापेनेम गटाच्या औषधांनाही दाद देत नव्हता. अतिदक्षता विभागात बाकीचे उपाय थकले की डॉक्टर या गटाची इंजेक्शने वापरतात. त्याच रुग्णाच्या शौचात सापडलेल्या ई. कोलायमध्येही तेच जनुक मिळाले. त्याला 'न्यू डेल्ही मेटॅलो-बीटा-लॅक्टमेझ', थोडक्यात एनडीएम-१, असे नाव दिले गेले. नावावरून आपल्या देशात मोठा गदारोळ झाला. पण नावाचा वाद एका बाजूला आणि वस्तुस्थिती दुसऱ्या बाजूला. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर २००९ या काळात कार्बापेनेमला दाद न देणारे या वर्गातले २४ जंतू तपासले. त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ सापडले. हा अभ्यास आपल्याच देशातल्या वैद्यकीय नियतकालिकात मार्च २०१० मध्ये छापून आला.

हे सगळे रुग्णालयाच्या भिंतीआड राहिले असते तरी एक वेळ चालले असते. २०१० साली दिल्लीत रस्त्यावर साचलेल्या, पाझरलेल्या पाण्याचे १७१ आणि नळाच्या पाण्याचे ५० नमुने घेतले गेले. साचलेल्या पाण्याच्या ५१ नमुन्यांत आणि नळाच्या २ नमुन्यांत हे जनुक मिळाले. ज्या जंतूंमध्ये ते सापडले त्यांत शिगेला होता आणि पटकीचा जंतूही होता. त्याच अभ्यासात दिसले की ही वही एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचे प्रमाण २५ किंवा ३७ अंश सेल्सियसपेक्षा ३० अंशाला जास्त होते. ३० अंश म्हणजे आपल्या गोव्याची वर्षातल्या बहुतेक दिवसांची हवा. जंतूंना भेटायला आणि वही उतरवायला आपल्या ओहोळा-गटारांतले पाणी पुरेसे उबदार असते.

विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची, गोष्ट तर आपल्या घराघरातली आहे. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉल आले आणि एकवीस दिवस लंघन, भाताची पेज आणि देवाचा धावा एवढेच हाती असलेल्या लोकांना औषध मिळाले. १९७२ साली केरळात कालिकतला त्या औषधाला दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ आली. १९९० च्या सुमारास देशभर असा टायफॉइड पसरला की क्लोरॅम्फेनिकॉल, अ‍ॅम्पिसिलिन, को-ट्रायमोक्साझोल ही तिन्ही जुनी औषधे एकदम निकामी झाली, कारण ती एकाच वहीत होती. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले, तेही मागे पडत गेले. मग सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनची इंजेक्शने आली. २०१६ साली पाकिस्तानात, सिंधमधल्या हैदराबाद शहरात, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनलाही न जुमानणाऱ्या टायफॉइडची साथ सुरू झाली. त्या जंतूची तपासणी केली तेव्हा आढळले की त्याला एक नवी कडी मिळाली होती, आणि ती बहुधा ई. कोलायकडून आलेली होती. तोंडाने घ्यायचे औषध म्हणून तिथे अझिथ्रोमायसिन तेवढे उरले. आपण सर्दी-खोकल्याला दुकानातून सहज मागतो तेच हे औषध.

२०१९ या एका वर्षात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळे जगात थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. आकडा मोठा असला की अंगाला लागत नाही, म्हणून वेगळ्या तऱ्हेने सांगतो. आपल्या घरातले कुणी बांबोळीला सिझेरियनसाठी जाते, कुणाच्या खुब्याचे हाड बसवायचे असते, कुणाचे डायलिसिस, कुणाची कॅन्सरची केमो. सर्जन कितीही कुशल असला तरी या प्रत्येक उपचाराच्या मागे "जंतू शिरला तर औषध आहे" हा भरवसा उभा असतो. कमी दिवसांचे, कमी वजनाचे बाळ काचपेटीत असते तेव्हा तर तोच एक भरवसा असतो. आपण जे वाचवायचे म्हणतो आहोत ते हे आहे.

आता तुम्ही विचाराल, एकदा वही पसरली की संपले ना सगळे? नाही. पसरलेली गोष्ट ओसरतेही, पण त्यासाठी नेमके काय करावे लागते ते पाहण्यासारखे आहे.

डेन्मार्कमध्ये कोंबड्या आणि डुकरे लवकर पोसावीत म्हणून खाद्यात अव्होपार्सिन नावाचे अँटिबायोटिक घालत. माणसांच्या व्हँकोमायसिन या मोठ्या औषधाचे ते भावंड. १९९५ साली त्यावर बंदी आली. कोंबड्यांतल्या एका जातीच्या जंतूंत व्हँकोमायसिनला दाद न देणारे तेव्हा सुमारे ७३ टक्के होते, ते २००० सालापर्यंत ६ टक्क्यांच्या आसपास उतरले. डुकरांत मात्र बंदीनंतरही प्रमाण खाली येईना. शोध घेतल्यावर कळले की डुकरांच्या खाद्यात टायलोसिन हे दुसरे औषध चालूच होते, आणि दोन्हींचे पाठ एकाच वहीत होते. १९९८ मध्ये टायलोसिनचा वापर घटला, तेव्हा कुठे डुकरांतलेही प्रमाण उतरले. वही बाळगणे जंतूला बहुधा ओझेच असते. औषधाचा मारा थांबला की साधे जंतू पुन्हा पुढे येतात. पण त्या वहीतल्या एकाही औषधाचा मारा चालू राहिला तर ती टिकते.

आपल्या देशातही असे घडले आहे. टायफॉइडला क्लोरॅम्फेनिकॉल देणे डॉक्टरांनी जवळजवळ सोडून दिले. त्यानंतर काही वर्षांनी अनेक ठिकाणी टायफॉइडचा जंतू त्या जुन्या औषधाला पुन्हा दाद देऊ लागलेला आढळला. नेदरलँड्समधल्या प्रवाशांवरचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. दक्षिण आशियात फिरून गेलेल्या दर चार जणांपैकी तिघांच्या आतड्यांत जाण्यापूर्वी नसलेले दाद न देणारे जंतू परतल्यावर सापडले. अभ्यासातल्या अशा प्रवाशांपैकी निम्म्या जणांच्या पोटातून ते महिनाभरात नाहीसे झाले. दहापैकी साधारण एकाकडे मात्र वर्षानंतरही होते. मोपाच्या विमानतळावरून रोज किती माणसे ये-जा करतात ते आपण पाहतोच. जंतूंनाही तेच विमान मिळते, दोन्ही दिशांनी.

आता आपण काय करायचे? कोरगावात खाजन शेती काय असते ते कुणाला सांगायला नको. खारे पाणी बाहेर ठेवायला बांध, आणि भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी मानस. बांध सगळ्यांचा असतो. एका जागी कुर्लीने बीळ केले आणि ते वेळेवर बुजवले नाही, तर खारे पाणी बीळ असलेल्या शेतापुरते थांबत नाही, सगळ्या खाजनात शिरते. कोरगूट भात खारटपणा बराच सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे. औषधांचा बांध असाच सामाईक आहे आणि त्याची बिळे घरोघरी आहेत. ती दोन प्रकारची आहेत. एक, विनाकारण औषध घेऊन वही जगवणे. दुसरे, जंतूंना एकमेकांना भेटायला वाट देणे.

पहिल्या प्रकाराबद्दल. सर्दी, घसा खवखवणे, अंगदुखीचा ताप यासाठी स्वतःहून अँटिबायोटिक घेऊ नका आणि डॉक्टरांकडे हट्टही धरू नका. "इतके पैसे दिले, इतका वेळ थांबलो, आणि नुसती पॅरासिटामॉल?" असे म्हणणारे पुष्कळ असतात. जो डॉक्टर तपासून अँटिबायोटिक देत नाही, त्याने आपले काम केलेले असते. लहान मुलांच्या पातळ जुलाबांत बहुतेक वेळा ओआरएसचे पाणी आणि झिंक एवढेच लागते. शौचात रक्त असेल, मूल मलूल असेल, लघवी कमी होत असेल, तर मात्र घरी थांबू नका, लगेच दाखवा.

अँटिबायोटिक लिहून दिले असेल, तर सांगितलेल्या वेळी, सांगितल्या प्रमाणात, सांगितले तितके दिवस घ्या. दोन दिवसांत बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका आणि खात्री हवी म्हणून चार दिवस वाढवूही नका. आता बऱ्याच आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांचे उपचार पुरतात असे दिसून आले आहे, त्यामुळे मागच्या वेळेपेक्षा गोळ्या कमी मिळाल्या म्हणून शंका घेऊ नका. क्षयरोगाचा नियम मात्र वेगळा समजा. त्याचा जंतू वह्या उतरवत नाही, तो स्वतःच बदलतो, आणि अर्धवट सोडलेला उपचार त्याला तशी संधी देतो. तिथे सांगितलेले महिने पुरे करणे हाच एक मार्ग आहे.

उरलेली पट्टी शेजारणीला देऊ नका. "आमच्या बाबूला याच गोळीने उतरले" हे प्रेमाने सांगितले जाते हे मी जाणतो. पण बाबूचा आजार वेगळा, तुमचा वेगळा. पट्टीवर उभी लाल रेघ असली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. लोकांनी ती रेघ ओळखावी म्हणून २०१६ पासून सरकारने मोहीम चालवली आहे. तिसऱ्या-चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम, क्षयरोगाची औषधे अशी ४६ औषधे १ मार्च २०१४ पासून परिशिष्ट एच-१ मध्ये आहेत. ती देताना फार्मसीवाल्याला डॉक्टरचे नाव, रुग्णाचे नाव, औषध आणि मात्रा वेगळ्या नोंदवहीत लिहावी लागते आणि ती नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. तो चिठ्ठी मागतो तेव्हा त्याच्यावर रागावू नका. ओळखीचा आहे म्हणून चिठ्ठीशिवाय देणारा दुकानदार आपला हितचिंतक नव्हे.

लघवीला वारंवार जळजळ, जुनी जखम, पुन्हा पुन्हा येणारा ताप असे असेल आणि डॉक्टरांनी कल्चर सांगितले, तर ते टाळू नका. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना दिला तर निकाल खरा येतो. कोणते औषध चालेल आणि कोणते चालणार नाही याची यादीच त्यात मिळते. दोन-तीन दिवस थांबावे लागते, पण पुढचे अंधारातले चार प्रयोग वाचतात.

गोठा आणि कोंबड्या असलेल्यांसाठी दोन शब्द. गाईच्या सडाला सूज आली की पशुवैद्य अँटिबायोटिक देतात, ते योग्यच. पण ते सांगतील तितके दिवस त्या गाईचे दूध घरी किंवा डेअरीत देऊ नये. अशा दुधाला कधी कधी विरजण लागत नाही हे काही भगिनींनी पाहिले असेल. दही न लागण्याची इतरही कारणे असतात, पण दुधातले औषध विरजणातल्या जंतूंना मारते हे त्यातले एक. कोंबड्यांना, कोळंबीला वाढीसाठी औषध देऊ नये. कोलिस्टिन हे माणसांसाठी अगदी शेवटी राखलेले औषध. त्याला दाद न देण्याचा पाठ वहीतून पसरतो हे २०१५ साली चीनमध्ये प्रथम आढळले आणि भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याचा वापर बंद केला.

आता दुसऱ्या प्रकारची बिळे, जंतूंच्या भेटीच्या वाटा. इथे औषधांचे काम संपते आणि घर-गावाचे काम सुरू होते. आपली जमीन चिऱ्याची, म्हणजे सच्छिद्र. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते आणि शौचालयाच्या टाकीतले पाणी विहिरीकडे झिरपू शकते. नवे बांधकाम करताना टाकी विहिरीपासून शक्य तितकी दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला घ्या. जुनी टाकी फुटली असेल, भरून वाहत असेल, तर ती दुरुस्त करणे हे औषधोपचाराइतकेच महत्त्वाचे समजा. पावसाळ्यात पिण्याचे पाणी उकळा. महाप्रसादाला स्वयंपाक करणाऱ्यांनी आणि वाढणाऱ्यांनी साबणाने हात धुवावेत, आणि ज्यांचे पोट बिघडले आहे त्यांनी त्या दिवशी दुसरी सेवा पत्करावी.

रुग्णालयात कुणी दाखल झाले की दहा जणांनी बघायला जायची आपली रीत आहे. त्यामागची आपुलकी मोठी आहे. पण रुग्णाच्या खाटेवर बसणे, लहान मुलांना वॉर्डात नेणे, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवरच्या ओळखीच्या माणसाकडे जाणे, यात आपण जंतूंचे टपाल वाहतो. एक-दोघांनी जावे, आत जाताना आणि बाहेर येताना हात धुवावेत, बाकीच्यांनी फोनवर विचारपूस करावी. रुग्णाचा मान त्याने कमी होत नाही.

लसीचे महत्त्वही इथेच येते. आजारच झाला नाही तर औषधाची वेळ येत नाही. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना टायफॉइडची नवी लस दिली. सरकारी यंत्रणेने ही लस अशी मोठ्या प्रमाणावर देण्याची जगातली ती पहिली मोहीम होती, आणि ती लसही भारतातच तयार झालेली. न्यूमोनियाची आणि रोटाव्हायरसची लस आज राष्ट्रीय लसीकरणात मोफत मिळते. रोटाव्हायरस विषाणू आहे, तरी त्याची लस अँटिबायोटिक वाचवते, कारण जुलाब झालेच नाहीत तर त्यावर चुकीची गोळीही दिली जात नाही. नातवंडांची लसीकरणाची कार्डे तपासून पाहा, एखादी मात्रा राहून गेली असेल.

शेवटी एक विनंती. चवथीआधी आपण घर झाडून-पुसून घेतो, पण औषधांचा डबा तसाच राहतो. उत्सव आटोपला की तो डबा उघडा. अर्ध्या पट्ट्या, नाव पुसलेल्या गोळ्या, मुलाच्या मागच्या तापातली उरलेली पातळ औषधाची बाटली, जे जे अँटिबायोटिक असेल ते बाजूला काढा. ते मोरीत, ओहोळात किंवा विहिरीच्या काठी टाकू नका. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या किंवा फार्मसीतल्या माणसाला दाखवा आणि त्याची विल्हेवाट कशी लावायची ते विचारा. माझ्या खिडकीवर घेऊन आलात तरी मला आनंदच होईल. आपल्या वाड्यावरच्या प्रत्येक घराने एवढे केले, तरी बांधाची बरीच बिळे बुजतील.

 सर्वांना चवथीच्या शुभेच्छा.

गणपती बाप्पा मोरया!